दुसऱ्या काट्याचा पत्ता

फ्रिजजवळचा स्टॅबिलायझर टक् वाजला आणि गौरवीच्या केसांतून फिरणारा सुविधाचा हात जागीच थांबला. वीज आली होती.

जेवणं आटोपून डिचोलीजवळच्या सर्वण गावातलं ते घर आडवं झालं होतं. दीड वाजता वीज गेली तेव्हापासून पंखे बंद, जनेलावरचा पडदा हलायला तयार नाही, सासूबाई सत्यवती आपल्या खोलीत चटईवर. सबंध घरच श्वास धरून पडलेलं. आता पंखा कुरकुरत फिरायला लागला. गौरवीने झोपेतच कूस बदलली आणि आईच्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं. सहा वर्षांची झाली तरी ही खोड गेली नव्हती. ती जाऊ नये असं सुविधालाही मनातून वाटायचं.

पण तिचं लक्ष उशाकडच्या मोबाइलकडे लागलं होतं. इथे वीज आली म्हणजे सुर्ल्यालाही आली असणार. तिथला काट्याचा कंप्युटर आता नव्याने सुरू होत असेल. नीट उठला तर मोबाइल गप्प राहील. नाही उठला, तर साईशचा फोन.

सुर्ल्याला खनिजाच्या डेपोवर दोन वजनकाटे होते. भरलेला ट्रक काट्यावर चढतो, आतल्या कंप्युटरवर वजन उमटतं, ते ऑफिसला जातं, पास निघतो आणि ट्रक जेटीकडे सुटतो. ह्या कंप्युटरांची देखभाल साईशकडे, म्हणजे सुविधाच्या धाकट्या दिराकडे होती. डिचोलीच्या बाजारात त्याचं दुकान. गिऱ्हाइकाशी गोड बोलावं तर साईशनेच, पण लिनक्सची काळी खिडकी उघडली की त्याच्या कपाळावर घाम यायचा. ते काम सुविधाचं. गेली तीन वर्षं, दुपारी पोर निजली की, दीड ते चार. घरी बसून लॅपटॉपवरून ती सुर्ल्याच्या मशीनमध्ये शिरायची, बिघडलेलं निस्तरायची आणि गौरवी डोळे चोळत उठायच्या आत लॅपटॉप मिटायची. सुर्ल्याच्या लोकांना वाटायचं, साईशच दुकानातून करतो. साईशनेही कधी वेगळं सांगितलं नाही, आणि घरात कुणाला ते सांगण्याजोगं वाटलं नाही. सुनेच्या हातची आमटी पाहुण्यांनी चाटूनपुसून खाल्ली तरी जेवण चांगलं झालं ते त्या घरचं; तसंच हे.

मे महिन्यात वीज कोसळून पहिल्या काट्याचं नेटवर्क कार्ड जळलं होतं. साईशने नवं कार्ड बसवलं, तर वजनाचा प्रोग्राम उघडेना. कार्ड कारखान्यातून निघतं तेव्हाच त्याच्यावर बारा अक्षरांचा एक पत्ता कोरलेला असतो, जगात दुसऱ्या कुणाचा नसलेला. प्रोग्रामचं लायसन त्या पत्त्याला बांधलेलं. पत्ता बदलला, की मशीन परकं. सुविधाने विकणाऱ्याला फोन केला, सगळी हकिकत सांगितली. तो म्हणाला, लायसन तुमचंच आहे, जुना पत्ता नव्या कार्डाला देता येत असेल तर द्या. तिने दिला. आठ ओळींची एक फाईल. तिच्यात सांगितलेलं: अमुक मूळ पत्त्याचं कार्ड दिसलं, की त्याला ‘काटा’ म्हणायचं आणि बाहेर त्याने जुन्या कार्डाचा पत्ता सांगायचा. एरवी लिनक्स स्वतःच्या मनाने कार्डाला काहीतरी लांबलचक नाव देतं, कार्ड कुठल्या खाचेत बसवलंय त्यावरून. इंग्रजी अक्षरांत ‘काटा’ लिहिताना तिला हसू आलं होतं.

आणि फाईलच्या डोक्यावर, मशीन जी ओळ वाचत नाही अशा ओळीत, तिने तारीख टाकली आणि लिहिलं: सिद्धी, पेडणे.

सिद्धी तीच. पेडण्याच्या घरी जन्मलेली, पाळण्यात सिद्धी म्हणून नाव ठेवलेली, सिद्धी म्हणूनच कंप्युटरचा डिप्लोमा केलेली. लग्नात गौरेशने ताटातल्या तांदळांवर अंगठीने ‘सुविधा’ लिहिलं, बायकांनी ताट हातोहात फिरवलं आणि ती सुविधा झाली. आधार कार्ड बदललं, बँकेचं बुक बदललं. डिप्लोमा तेवढा राहिला. पेडण्याला आई अजून चुकून ‘सिद्धी’ अशीच हाक मारायची. बाकी ते नाव घेणारं कोणी उरलं नव्हतं. कुणी उघडणार नाही अशा फाईलीत ते लिहायला काय हरकत होती?

मोबाइल थरथरला. साईश.

“वयनी, निजलीस?”

“ना. काय झालां?”

“काटे चलनत गो. दोनय. सकाळधरून मदीं मदीं अडकत होते, आता एकदम बंद. वीस-पंचवीस ट्रक रांगेत आसत. तू जरा भितर शिरून बघ.”

“दोनय? दुसरो काटो कधी सुरू केलास?”

“आजच. पावसाळ्यात बंद होतो न्हय. आता माल सुटलो. बघ बेगीन.”

तिने लॅपटॉप उघडला. शिरता येईना. एकदा जोडणी लागली, अर्ध्या मिनिटात तुटली. पुन्हा लागली, पुन्हा तुटली. तिकडून कुणीतरी दार उघडतंय आणि तोंडावर आपटतंय, असं.

“हंयसून जमाचां ना,” तिने सांगितलं. “मशीनासमोर बसाक होया.”

साईश म्हणाला, “मग ये. गौरेशाची स्कूटर आसा मगे घरात?”

सुविधाने लॅपटॉप मिटला. ती सुर्ल्याला जाणार होती. त्या काट्यांसमोर, त्या लोकांसमोर.

आणि गोष्ट अशी होती, की दोन्ही काट्यांची यंत्रणा सांभाळायला तिथे कायमचं एक माणूस हवं होतं. पुढच्या महिन्यापासून. खुर्ची, हजेरी, सगळं. डेपोचे मॅनेजर रघुनाथबाब अर्ज मागवत होते. साईशच तिला म्हणाला होता, तू कर, मी तुझ्याबद्दल बोलतो. तिने अर्ज लिहिला, सोबत डिप्लोमाची नक्कल लावली, लिफाफा बंद करून गुरुवारी साईशच्या हातात दिला. गौरेशला सांगितलं तेव्हा तो फॅक्टरीच्या पाळीला निघाला होता, म्हणाला, “बघ, घराचां जमता तर.” सासूबाईंना तर अजून सांगितलंच नव्हतं. सांगितलं होतं ते फक्त गौरवीला.

“मग तूपण डबो नेतलंस?” गौरवीने विचारलं होतं.

“नेतलंय.”

“माझ्यासारखो? दोन खणांचो?”

“तुझ्यासारखोच.”

“मग माझो ने. माका बाबा नवो हाडतले.” आणि पोरीने आपला गुलाबी डबा घासून पुसून मेजावर आणून ठेवला होता. तो अजून तिथेच होता.

तिने गौरवीला उठवलं, तोंड धुतलं, केसांना रबर लावला. तेवढ्यात आतून आवाज आला.

“खंय चल्लंस गो ह्या उन्हाचां?”

“सुर्ल्याक, माय. साईशबाबाचां काम अडलां.”

सत्यवती दारात आल्या. झोपमोड झालेला चेहरा. “साईशाचां काम साईश बघता न्हय? थंय ट्रकवाल्यांच्या मेळ्यात बायलमाणूस जावन काय करतलां? आणि चेडवाक कित्याक व्हरतंस?”

“तुमका त्रास कित्याक. बरोबर नेतंय.”

सासूबाई थोडा वेळ बघत राहिल्या. अडवावं की नाही याचा हिशोब त्यांच्या डोळ्यांत दिसत होता, आणि साईशचं काम म्हटल्यावर तो लवकर सुटला. “जा तर. पण बघ हां, चार लोकांत साईशाचां नाव जावंक जाय ना.”

“ना जावचां, माय,” सुविधा म्हणाली आणि चपला घातल्या.

डिचोली मागे पडली तसा रस्ता तांबडा झाला. कडेची झाडं, घरांची कौलं, बसस्टॉपचा बाक, सगळ्यांवर एकाच रंगाची भुकटी. गौरवी पुढे उभी राहून आरशाच्या दांड्याला धरून होती. डेपोच्या अलीकडे अर्ध्या किलोमीटरपासून ट्रकांची रांग लागली होती, ताडपत्र्या बांधलेल्या, इंजिनं बंद. पोरीने मोजायला सुरुवात केली. एकतीसवर तिचा गोंधळ झाला, तशी ती पुन्हा एकपासून लागली.

सावलीत बसलेला एक ड्रायव्हर, महादेव, सावंतवाडीकडचा, साईशला ओळखत असावा. सुविधाला उतरताना बघून तो हाळी देऊन म्हणाला, “साईशा, काट्याक नारळ दिलंस मरे? न्हयतर गाऱ्हाणां घालूक आता वयनीक हाडलंस?” बाकीचे हसले.

“गाऱ्हाणां तूच घाल,” सुविधा त्याच्याकडे न बघता म्हणाली. “देवाक सांग, ह्या ड्रायव्हरांक इंजिन बंद केल्यार तोंडय बंद करूक शिकय.”

हशा आणखी मोठा झाला, पण आता महादेवावर. गौरवीने आईकडे मान वर करून पाहिलं. आई असं बोलू शकते हे तिला नवं होतं.

साईश पत्र्याच्या केबिनच्या दारात उभा होता, शर्ट पाठीला चिकटलेला. रघुनाथबाब जेवायला गेलेत, साडेतीनला येतील, त्याच्या आत काहीतरी कर, असं तो एका दमात बोलला. काट्यावरचा ऑपरेटर पास लिहायचं पुस्तक घेऊन बाहेर ड्रायव्हरांशी हुज्जत घालत होता. केबिनमध्ये ती, साईश आणि गौरवी.

गौरवीला तिने स्टुलावर बसवलं आणि कीबोर्ड पुढे ओढला. खरं सांगायचं, तर ती बसली तेव्हा तिला बरं वाटलं. तीन वर्षं ज्या मशीनचा फक्त आवाज फोनवर ऐकला होता, ते समोर होतं, धुळीने लाल झालेलं, कोपऱ्यावर जुनी हळद-पिंजर चिकटलेलं. बिचाऱ्याची कोणीतरी दसऱ्याला पूजा केली होती.

“आई, तां काय?” गौरवीने पडद्याकडे बोट केलं.

“नेटवर्कावर कोण कोण आसा त्याची यादी. ह्यो ज्याचो त्याचो नंबर, आणि ह्यो कार्डाचो पत्तो. जन्मताना दिल्लो. दोघांचो एक कधीच नसता.”

आणि बोलता बोलता तिचं बोट थांबलं.

यादीत पहिला काटा होता आणि दुसरा काटा होता. नंबर वेगवेगळे. पण त्यांच्यापुढे बारा अक्षरांचा पत्ता एकच. शेवटची चार अक्षरं तिने स्वतः मे महिन्यात दोनदा तपासून टाइप केली होती; ती तिला पाठ होती. ऑफिसच्या यंत्राला कळत नव्हतं की हा पत्ता कुठल्या दाराचा. पहिल्या काट्याकडे माहिती पाठवायची तर दुसरा हात पुढे करत होता, दुसऱ्याकडे पाठवायची तर पहिला. दोघंही जिवंत असले की दोघंही उपाशी. दुसरा काटा पावसाळाभर बंद होता म्हणून कळलं नव्हतं इतकंच.

“दुसऱ्या काट्यावर चल,” ती म्हणाली.

दुसऱ्या केबिनमध्ये तिने ती फाईल शोधली. शोधावी लागलीच नाही. ज्या जागी, ज्या नावाने ती स्वतः ठेवते, त्याच जागी होती. आठ ओळी. फक्त वरचा मूळ पत्ता ह्या मशीनच्या कार्डाचा घातलेला. बाकी अक्षर न् अक्षर तिचं. खाली, बाहेर सांगायचा पत्ता: पहिल्या काट्याचा. आणि सगळ्यात वर: सिद्धी, पेडणे.

तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. बाहेर कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता.

“दुसरां लायसन घेवक ना,” अखेर साईशच म्हणाला. “रघुनाथबाबांनी घेवक सांगिल्लां. मी म्हटलां, घेतलां. एका लायसनात दोन काटे चलतत तर... तूच न्हय दाखयलंस, पत्तो कसो दिवचो तो.”

“मी जळिल्ल्या कार्डाचो पत्तो त्याच मशीनाक दिलो, साईशबाब. विचारून दिलो.”

“पत्तो तो पत्तो गो! कोणाक कळतला?”

“आता कळलां न्हय? सगळ्या रांगेक कळलां.”

त्याने दार ओढून घेतलं. आवाज खाली आणला. हा मुलगा लग्नात तिच्या मागे मागे फिरला होता, वयनी वयनी करत. गौरेश पहिल्या रात्रपाळीला गेला तेव्हा तिला एकटं वाटू नये म्हणून ह्यानेच गाणी लावून ठेवली होती. तो चेहरा आत्ता तोच होता आणि त्याच्यावर भीती होती. “वयनी, पाया पडतंय. आजच्यापुरतां चालू कर. सोमवाराक मी लायसन घेतंय, गौरवीची शपत. रघुनाथबाबांक समजलां तर माझां हंयचां काम गेलां. आणि तुझां? तुझो अर्ज त्यांच्या मेजार आसा. मी किती बोललंय तुझ्याबद्दल तुका खबर ना.”

वाट होती. वाट कुठली आहे हे तिला त्या क्षणीच दिसलं होतं, आणि हाच तर शाप होता. दिसलं नसतं तर बरं. प्रोग्राम बघतो काय? ‘काटा’ नावाचं कार्ड आहे का आणि त्याचा पत्ता तोच आहे का. ते कार्ड वायरीला जोडलंय का, हे तो बघत नाही. लिनक्समध्ये नसलेलं कार्डही उभं करता येतं. नुसतं नाव आणि पत्ता. खाली लोखंड नाही, वायर नाही. त्या नसलेल्या कार्डाला ‘काटा’ म्हणायचं आणि जुना पत्ता द्यायचा. खऱ्या कार्डाला त्याचा स्वतःचा जन्माचा पत्ता परत द्यायचा आणि दुसरं काहीतरी नाव. वायरीवरचं भांडण मिटलं. प्रोग्राम खूश. चोरी आणखी एक पापुद्रा खोल.

“सोमवाराक,” ती म्हणाली.

“सोमवाराक. देवाशपत.”

तिने टाइप केलं. सात-आठ मिनिटं लागली असतील. गौरवी शेजारी उभी राहून बघत होती, आईची बोटं किती भराभर चालतात ते. मशीन पुन्हा सुरू केलं. प्रोग्रामने काही विचारलं नाही. वजनाचा हिरवा आकडा शून्यावर येऊन स्थिर झाला. बाहेर पहिल्या काट्यावरही पास निघाला, तशी रांगेत एकामागून एक इंजिनं धडधडायला लागली आणि केबिनचा पत्रा थरथरला. महादेवाचा ट्रक दुसऱ्या काट्यावर चढला. खिडकीतून डोकं बाहेर काढून तो ओरडला, “वयनी, जल्लां माझां तोंड! तुमी रोज येवा!”

तिला हसू आलं. कबूल करायला हवं, त्या क्षणी तिला फार चांगलं वाटत होतं. आपण केलेलं काम असं समोर हलताना, चढताना, धूर सोडत जाताना तिने कधी पाहिलंच नव्हतं. त्या एका क्षणात तिने गुलाबी डबा आणि ही खुर्ची शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

रघुनाथबाब साडेतीनच्या आधीच आले. पन्नाशीचे, चष्मा, खिशाला दोन पेनं. सरळ माणूस म्हणून डेपोवर त्यांची ख्याती. वजनात दहा किलो इकडेतिकडे झाले तरी ट्रक मागे घ्यायला लावणारे. आले ते रांग हलताना बघूनही हसले नाहीत. हातात एक छापील कागद होता.

“साईश, हे बघ. प्रोग्रामवाल्यांचा मेल आलाय दुपारी. म्हणतात, तुमच्या साइटवरून सकाळपासून एकाच पत्त्याची दोन मशीनं बोलतायत. एक लायसन दोन ठिकाणी वापरलंय म्हणतात. चोरी म्हणतात. दुसरं लायसन घेतलंयस असं तू मला सांगितलं होतंस.”

प्रोग्राम रोज आपल्या घरी, म्हणजे विकणाऱ्याकडे, चिठ्ठी पाठवतो, हे साईशला माहीत नव्हतं. सुविधाला माहीत असायला हवं होतं. घाईत तिच्याही डोक्यात आलं नाही. सकाळीच सगळं फुटलं होतं. गेल्या अर्ध्या तासात तिने जे केलं, त्याची कुणालाच गरज नव्हती. न करता उठली असती तरी हेच झालं असतं. फक्त तिचे हात कोरडे राहिले असते.

“दाखव मला,” रघुनाथबाब म्हणाले. “कुठे असतो हा पत्ता?”

साईशने त्यांना पहिल्या काट्याच्या केबिनमध्ये नेलं. दुसऱ्याची फाईल आता बदललेली, म्हणून पहिल्याची उघडली. रघुनाथबाबांनी चष्मा कपाळावर सारला आणि पडद्याला नाक लावून वाचलं.

“हे सिद्धी, पेडणे. ही कोण?”

गौरवीने मान वर केली. सुविधाचा हात तिच्या खांद्यावर होता. तो नकळत घट्ट झाला.

साईशने तिच्याकडे बघितलं नाही. त्याने बघितलं असतं, तर पुढे कदाचित वेगळं काही झालं असतं. तो पडद्याकडेच बघत होता, त्या ओळीकडे, बुडताना हाताला लागलेल्या फांदीकडे बघावं तसा.

“होती एक,” तो म्हणाला. “पेडण्याची. मे महिन्यात कामाला घेतली होती. तिनेच केलं सगळं. मला काय, रघुनाथबाब, ह्या फाईलींतलं... मी विश्वास ठेवला.”

“आता कुठे आहे?”

“गेली सोडून.”

“म्हणजे लायसनचे पैसे तुझ्याकडून घेतले आणि हे करून ठेवलं?”

साईश हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. त्याने मान खाली घातली, आणि मान खाली घातलेल्या माणसाला रघुनाथबाबांनी आपल्या मनाने हो म्हणवून घेतलं.

सुविधाच्या जिभेवर वाक्य तयार होतं. सिद्धी मीच. पहिल्या काट्याची फाईल माझी, विचारून केलेली. दुसऱ्याची ह्याने उचलली. तीन तुकडे, साधे, खरे. पण त्यांच्यामागून चौथा येत होता. रघुनाथबाब विचारणार, मग दुसऱ्या काट्यावर हे आत्ता जे चाललंय, ते कुणी केलं? त्या फाईलीवर आजची तारीख होती. तीन वाजून सोळा मिनिटं. ती साईशने उचललेली नव्हती. ती अथपासून इतिपर्यंत तिचीच होती.

“चोर बाई,” रघुनाथबाब म्हणाले, रागाने नव्हे, वजन सांगावं तसं. “शिकलेली माणसं हे करतात, मग ड्रायव्हरांना काय बोलायचं. साईश, दुसरा काटा आत्ता बंद कर. नवं लायसन आलं की उघडू. आणि ही सिद्धी, हिचं नाव मी लिहून ठेवतो. ह्या डेपोत नाही, आणि माझं चाललं तर दुसऱ्या कुठल्याही डेपोत नाही.” त्यांनी खिशातलं एक पेन काढलं आणि मेलच्या कागदाच्या मागे खरंच लिहिलं. मग त्यांचं लक्ष सुविधाकडे गेलं आणि चेहरा निवळला. “तुम्ही साईशच्या वयनी ना? बसा की. त्याने सांगितलंय तुमच्याबद्दल. तुमचा लिफाफा आलाय, सोमवारी सगळे एकदम उघडणार आहे.”

लिफाफा केबिनच्या कोपऱ्यातल्या त्यांच्या मेजावरच होता, दुसऱ्या पाच-सहांच्या खाली. तिच्या हाताने चिकटवलेला, कडेला डिंक वाळलेला. आत अर्ज, सुविधाच्या सहीचा. अर्जामागे डिप्लोमा. डिप्लोमावर ठळक अक्षरांत, संस्थेच्या शिक्क्यासह, जन्माचं नाव आणि गाव.

सोमवारी.

साईशलाही तेव्हाच ते उमगलं असावं. त्याची नजर त्या लिफाफ्यावर गेली.

“रघुनाथबाब,” सुविधा म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच दुसऱ्या कुणाचा वाटला. “तो माझो अर्ज... माका परत दिवश्यात?”

“का हो?”

“मूल लहान आहे.” मॅनेजरांसमोर तिची भाषाही आपोआप शहाणी झाली. “घरी जमणार नाही असं वाटतं.”

रघुनाथबाबांनी गौरवीकडे पाहिलं आणि मान हलवली. “बरोबर आहे. आधी लेकरू. माझी सूनही हेच म्हणते.” त्यांनी लिफाफा शोधून काढला, त्याच्यावरची तांबडी धूळ रुमालाने पुसली आणि दोन्ही हातांनी तिला दिला. मग खणातून पेपरमिंटची गोळी काढून गौरवीपुढे धरली. “घे बाय. नाव काय तुझं?”

“गौरवी,” ती म्हणाली, आणि गोळी घेतली नाही.

बाहेर उन्हं उतरली होती, तरी पत्रा तापलेलाच होता. दुसरा काटा बंद झाला होता आणि त्याच्यावरून उतरवलेले ट्रक मागे घेता घेता ड्रायव्हर एकमेकांच्या आया-बहिणी काढत होते. साईश स्कूटरपर्यंत धावत आला.

“वयनी, आयक. माका दुसरां काय सुचलांच ना. सांजेक घरा येवन बोलतंय हां. मायक सांगू नको. दादाकय.”

“हॅल्मेट दी,” सुविधा म्हणाली.

त्याने सीटवरचं हेल्मेट उचलून दिलं. तिने ते घातलं, पट्टा लावला. लिफाफा डिकीत ठेवला. गौरवीला पुढे उभं केलं, तिच्या दोन्ही बाजूंनी हात नेऊन हँडल धरलं, जसं नेहमी धरायची तसं, पोरीचं डोकं बरोबर आपल्या हनुवटीखाली येईल असं. केसांना धुळीचा वास येत होता.

रांगेच्या बाजूने ती हळू हळू निघाली. महादेवाचा ट्रक जेटीकडच्या वळणावर दिसेनासा होत होता. गौरवी ट्रक मोजत नव्हती. डेपोचं फाटक मागे गेलं, चढ आला, चढही संपला.

“तहान लागली?” सुविधाने विचारलं.

मान नाही म्हणून हलली. मग, वाऱ्यात ऐकू यावं म्हणून, तिने सगळं अंग वळवून आईकडे तोंड केलं. ओढणीचं टोक तिच्या मुठीत होतं.

“आई,” ती म्हणाली, “पेडण्याची आजी तुका सिद्धी म्हणता. तू चोरी केलंस?”